जुना गेमिंग पीसी: वाढवायचा की बदलायचा (माझ्या नोंदी)

८ नोव्हेंबर २०२५, शनिवार

आधी मशीनमध्ये काय काय आहे ते लिहून ठेवते, नाहीतर पुढे घोळ होतो. सीपीयू (मुख्य प्रोसेसर) एएमडीचा रायझन ५ १६००, बी३५० चिपसेटचा मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर४ रॅम (८ च्या दोन स्टिक, ३००० स्पीडच्या), जीटीएक्स १०६० ६ जीबी ग्राफिक्स कार्ड, ५५० वॅटचा ब्रॉन्झ पीएसयू (वीजपुरवठ्याचा डबा), ५०० जीबीची साटा एसएसडी आणि १ टीबीची हार्ड डिस्क जी हल्ली चालू होताना घरघर करते. मॉनिटर १०८०पी ७५ हर्ट्झ. एसएसडी मधे कधीतरी घातलेली, बाकी सगळं २०१७ चं.

हे सगळं आत्ताच का काढलं, तर विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबरला संपला. वाढीव सिक्युरिटी अपडेटची सोय आहे पण ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच, आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत पहिल्या पिढीचे रायझन (माझा १६०० त्यातलाच) नाहीतच, २००० सिरीजपासून पुढचे आहेत. त्यात भर म्हणजे एनव्हिडियाने पास्कल पिढीच्या कार्डांचे (माझी १०६० त्यातलीच) गेम रेडी ड्रायव्हर ऑक्टोबरात थांबवले, आता ऑक्टोबर २०२८ पर्यंत दर तिमाहीला नुसते सिक्युरिटी अपडेट येणार. म्हणजे मशीन चालतंय, काही बंद पडलेलं नाही, पण सीपीयू आणि कार्ड दोघांची एकदमच निवृत्ती निघालीये.

धाकट्या भावाचं एकच पालुपद, "ताई, किती दिवस त्या म्हाताऱ्याला ओढणारेस, नवीनच घे ना एकदाचं." तो बॅटलफील्ड ६ खेळतो, त्या गेमला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (दोन्ही मशीनच्या सुरक्षेच्या सोयी) लागतं आणि कमीत कमी आरटीएक्स २०६० कार्ड, तेव्हा त्याच्या हिशोबाने माझं मशीन भंगारातच. मी ते खेळत नाही. माझं म्हणजे बाल्डर्स गेट ३, सायबरपंक २०७७, अधूनमधून काउंटर स्ट्राइक २. हे गेम १०८०पी वर ६० एफपीएसच्या (सेकंदाला इतक्या फ्रेम, म्हणजे चित्रं) आसपास न अडखळता चालले की झालं, एवढीच मागणी आहे. ती लिहून ठेवली कारण एकदा पार्ट्स बघायला बसलं की मागणी आपोआप वाढत जाते.

९ नोव्हेंबर, रविवार

आज फक्त मोजमाप. आफ्टरबर्नर आणि रिवाट्यूनर ही मोजमापाची सॉफ्टवेअर टाकून स्क्रीनच्या कोपऱ्यात सगळं दिसेल असं लावलं: जीपीयू (कार्डावरचा प्रोसेसर) किती टक्के, व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी), रॅम, प्रत्येक थ्रेडचा (सीपीयूमधल्या कामाच्या एकेका रांगेचा) वापर वेगवेगळा, आणि फ्रेमटाइमचा ग्राफ. नुसता सरासरी एफपीएस बघून काही कळत नाही. ६० एफपीएस म्हणजे दर फ्रेमला १६.७ मिलिसेकंद, मधेच एक फ्रेम ५० ला गेली तर सरासरीत ती दिसतही नाही पण डोळ्याला बरोबर खटकते.

सीपीयूचा एकूण आकडा पण तसाच फसवा आहे. बारा थ्रेड आहेत, एकूण वापर ४५ टक्के दिसतो आणि वाटतं अरे वा निम्मा तर मोकळाच आहे, पण वेगवेगळं बघितलं की एक थ्रेड पार वर चिकटलेला असतो आणि अख्खा गेम त्याच्यासाठी थांबलेला असतो.

बाल्डर्स गेट ३ मध्ये तिसऱ्या अंकातलं शहर, बाजारातून चालत जायचं, एफपीएस ३२ ते ३५, जीपीयू ५५-६० टक्क्यांवर. मग रेझोल्यूशन ७२०पी केलं, सेटिंग लो. चित्र घाण दिसायला लागलं, एफपीएस तेवढेच! म्हणजे इथे कार्ड रिकामं बसलंय, अडलंय ते सीपीयूशी. सायबरपंकला बरोबर उलटं, जीपीयू ९८-९९ टक्के, रेझोल्यूशन उतरवलं की एफपीएस झटकन वर. तिथे कार्डच कमी पडतंय. गंमत म्हणजे २.० अपडेटनंतर सायबरपंकची जी किमान गरज जाहीर केलीये त्यात रायझन ५ १६०० आणि जीटीएक्स १०६० ६ जीबी अशीच नावं आहेत, माझ्याच टेबलाखाली वाकून बघून लिहिल्यासारखी.

तर निकाल असा की दोन्हीकडे अडतंय, गेमप्रमाणे बाजू बदलते. एकच पार्ट बदलून सगळं सुटेल अशी आशा होती ती गेली.

११ नोव्हेंबर, मंगळवार

चालू केल्यावर घड्याळ मागची तारीख दाखवत होतं ते आठवलं, बोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदलला. हे महत्त्वाचं यासाठी की सेल संपला की मेन स्विच बंद केल्यावर बायोसच्या (बोर्डमधल्या मूळ प्रोग्रामच्या) सेटिंग उडतात, आणि त्यात रॅमचं एक्सएमपी (रॅमला तिच्या पूर्ण वेगावर चालवणारी सेटिंग) पण उडालेलं. टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा स्पीड चक्क २१३३ दिसत होता! कधीपासून ते देव जाणे.

पहिल्या पिढीच्या रायझनला हे जास्त लागतं कारण आत तीन-तीन कोअरचे दोन गट आहेत आणि त्यांना जोडणारं जे इन्फिनिटी फॅब्रिक आहे ते रॅमच्या वेगावरच पळतं. रॅम मंद तर ते पण मंद. ३००० वर हा सीपीयू कुरकुर करतो, २९३३ वर व्यवस्थित बसला, रात्रभर मेमटेस्ट लावून ठेवला, एरर नाही. त्याच शहरात त्याच रस्त्याने परत चालले, आता ३८ ते ४०. एका नाण्याएवढ्या सेलमध्ये.

१५ नोव्हेंबर

सफाई. कार्ड उघडून जुनी थर्मल पेस्ट (चिपची उष्णता कूलरला पोचवणारी) खरवडली, ती वाळून खडूसारखी झालेली. तापमान ८३ वरून ७१ वर आलं, पंखा शांत झाला, कार्डाचा क्लॉक (वेग) आता खाली येत नाही. एफपीएसमध्ये सांगण्यासारखा फरक नाही. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवायची, नाहीतर ती गरगर फिरून बेअरिंग जातं.

बाल्डर्स गेट हार्ड डिस्कवर होता तो एसएसडीवर हलवला, नवीन भागात शिरताना बसणारे मोठे झटके गेले. याला अपग्रेड म्हणायचं नाही, हे आधीच करायला हवं असतं असं घरकाम.

२२ नोव्हेंबर, शनिवार

आज नवीन मशीन कागदावर बांधून बघितलं. एएम५ बोर्ड (एएम५ म्हणजे एएमडीचा नवा सॉकेट, सीपीयू बसायची जागा), रायझन ५ ७६०० किंवा ९६००एक्स, ३२ जीबी डीडीआर५, नवीन कार्ड, नवीन पीएसयू. जुन्यातलं काय उरतं तर कॅबिनेट, एसएसडी आणि मॉनिटर. म्हणजे बोर्ड, सीपीयू, रॅम बदलणं याला अपग्रेड म्हणणं ही स्वतःची समजूत आहे, ते नवीनच मशीन आहे, जुन्या डब्यातलं.

एरवी मी कदाचित हेच केलं असतं. एएम५ सॉकेट २०२२ मध्ये आला, एएमडीने २०२७ आणि त्यापुढेही तो चालवू असं सांगितलंय, म्हणजे पुढे परत नुसता सीपीयू बदलता येईल. पण रॅम! सप्टेंबरपासून आत्तापर्यंत ३२ जीबी डीडीआर५ किटचा भाव दुपटीच्या वर गेलाय आणि थांबायचं नाव नाही. कारण साधं आहे, जगात डीरॅम (रॅमच्या चिप) बनवणारे मोठे तीनच, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन, आणि तिघांनीही आपली कपॅसिटी एआय डेटा सेंटरच्या एचबीएम (एआय चिपांना लागणारी वेगवान मेमरी) आणि सर्व्हर मेमरीकडे वळवलीये, तिथे नफा जास्त. घरगुती गिऱ्हाईक शेवटच्या रांगेत. डीडीआर४ पण महागलंय कारण ते बनवणं कमी करत आणलंय. फरक एवढाच की डीडीआर४ माझ्याकडे आहे.

भावाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मग इंटेल घे ना, बाराव्या पिढीच्या काही बोर्डवर डीडीआर४ चालतं." मुद्दा चांगला काढला, बी६६० आणि बी७६० चे डीडीआर४ वाले बोर्ड आहेत, त्यावर आय५ १२४००एफ. अर्धा तास त्यावर घालवला. पण त्यात बोर्ड पण घ्यायचा आणि सीपीयू पण, आणि तो सॉकेट चौदाव्या पिढीला संपलेला, म्हणजे नवीन बोर्डचे पैसे देऊन परत बंद गल्लीतच शिरायचं. आणि १२४००एफ गेममध्ये जेवढं देतो तेवढं, थोडं इकडे तिकडे, माझ्या आत्ताच्याच बोर्डवर बसणारा रायझन ५ ५६०० पण देतो.

हो, बसतो. बी३५० वर. २०२० मध्ये झेन ३ (५६०० याच पिढीचा) आला तेव्हा एएमडीने ४०० आणि ५०० सिरीजच्या बोर्डांनाच परवानगी दिलेली, ३०० वाल्यांना (बी३५० त्यातलाच) नाही. लोकांनी बरीच ओरड केली, २०२२ मध्ये ते दार उघडलं. माझ्या बोर्डच्या सपोर्ट लिस्टमध्ये ५६०० आहे, बायोस व्हर्जनसकट. आपल्या नेमक्या बोर्डचं पान बघायचं, नुसतं बी३५० म्हणून चालत नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार

आठवडाभर डोक्यात हेच. शेवटी वहीत प्रत्येक पार्टसमोर एकच प्रश्न लिहिला, हा पुढच्या मशीनमध्ये जाणार का?

ग्राफिक्स कार्ड जाणार. पीएसयू जाणार. एनव्हीएमई (जास्त वेगवान एसएसडी) घेतली तर ती जाणार. सीपीयू नाही जाणार, एएम४ (माझ्या बोर्डचा सॉकेट) इथेच संपतो. डीडीआर४ नाही जाणार. एवढं लिहिल्यावर पैसे कुठे घालायचे ते उघडच झालं, जे पुढे जाणार नाही त्यावर कमीत कमी खर्च आणि जे जाणार ते घेताना हात आखडायचा नाही. अपग्रेड की नवीन या प्रश्नाचा गुंता मला वाटतं याच्यामुळे होतो की आपण अख्ख्या मशीनचा एकच निर्णय करायला जातो, पण पार्ट काही एकत्र म्हातारे होत नाहीत. माझा मॉनिटर अजून पाच वर्ष चालेल, हार्ड डिस्क पुढच्या महिन्यात जाईल.

मग सीपीयू कुठला. ५८००एक्स३डी आणि ५७००एक्स३डी ची सगळे आरती ओवाळतात आणि ते खरंच आहे, ९६ एमबी एल३ कॅश (सीपीयूमधलीच झटपट मेमरी), बाल्डर्स गेटसारख्या गेमला ते लगेच लागू पडतं. पण दोन्ही बनायचे बंद झालेत, शिल्लक किंवा वापरलेले मिळतात आणि त्यांचा भाव असा सांगतात की त्यात नवीन एएम५ सीपीयू येईल. बंद गल्लीच्या टोकाला बंगला बांधण्यात काही अर्थ नाही. ५५०० स्वस्त आहे पण त्यात एल३ कॅश १६ एमबीच, ५६०० मध्ये ३२, आणि झेन ३ मध्ये सहाही कोअर एकाच गटात असतात म्हणजे ते मगाचं तीन-तीनचं भांडण मिटलं. ५६०० ठरला. ६५ वॅटचा आहे, जुना कूलर आणि या बोर्डचे साधे व्हीआरएम (सीपीयूला वीज पुरवणारे भाग) दोघांनाही झेपेल.

४ डिसेंबर, गुरुवार

काल मायक्रॉनने जाहीर केलं की क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा रॅम-एसएसडीचा ब्रँडच बंद करणार. म्हणजे तिघांतला एक दुकानातून उठलाच. भावाचा मेसेज, "ताई तू बरोबर होतीस बहुतेक." बहुतेक!

५६०० मागवला. कार्डचा निर्णय पण फार लांबवायला नको, कार्डवरची जीडीडीआर मेमरी पण हेच लोक बनवतात.

६ डिसेंबर, शनिवार

बायोस अपडेट. हे काम जुना सीपीयू बसलेला असतानाच करायचं, नवीन घालून मग करू म्हटलं तर स्क्रीनच येणार नाही. माझा बायोस इतका जुना होता की थेट शेवटच्या व्हर्जनवर उडी मारता येत नव्हती, बोर्डच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं की आधी मधलं एक टाका मग पुढचं. ती टीप वाचायचीच. दुसरी टीप अशी की नवीन व्हर्जनमध्ये काही जुन्या ए सिरीज सीपीयूंचा सपोर्ट काढलाय, कारण १६ एमबीच्या चिपमध्ये सगळ्या पिढ्या मावत नाहीत, आणि मागे परतता येत नाही. मला परतायचं नव्हतंच.

पेन ड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केला, बायोसमधल्याच फ्लॅश टूलमधून टाकलं, विंडोजमधून कधीच नाही. पट्टी पुढे सरकेपर्यंत खुर्चीवरून हलले नाही. एजेसा (बायोसमधला एएमडीचा मूळ भाग) १.२.०.७ च्या पुढचं व्हर्जन आहे, याच १.२.०.७ मध्ये एफटीपीएममुळे (सीपीयूमध्येच असलेलं टीपीएम) मधेच मशीन अडखळायचा जो प्रॉब्लेम होता त्यावरचा इलाज पण आलेला, ते एक बरं. अपडेटनंतर सगळ्या सेटिंग डीफॉल्टला जातात, एक्सएमपी परत लावलं, पंख्याच्या वेगाचा कर्व्ह परत.

१३ डिसेंबर, शनिवार

सीपीयू बदलला. हे जरा सविस्तर लिहिते कारण एएम४ मध्ये पिना सीपीयूला असतात, १३३१, आणि सॉकेट वरून दाबून धरत नाही, फक्त बाजूच्या दांडीने आवळतो. आठ वर्षांची पेस्ट गोंदासारखी झालेली असते, कूलर सरळ वर ओढला तर सीपीयू त्याला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. म्हणून आधी सिनेबेंच (सीपीयूला पूर्ण राबवणारी टेस्ट) चालवून सीपीयू चांगला तापवला, मशीन बंद करून वायर काढली आणि गरम असतानाच कामाला लागले.

कॅबिनेट आडवं झोपवलं. माझा रेथ स्पायर कूलर चार स्प्रिंगच्या स्क्रूंनी थेट मागच्या पट्टीत बसतो, स्क्रू सुटले की पट्टीला धरायला काही उरत नाही आणि कॅबिनेट उभं असेल तर ती मागे खाली पडते. स्क्रू तिरके-तिरके थोडे थोडे सोडले, एकदम एक नाही. मग कूलर न उचलता डावीकडे उजवीकडे किंचित पिळला, आधी काहीच नाही, मग एक चिकट असा सैलपणा हाताला जाणवला, मग अजून थोडा, आणि मग तो अलगद सरकला. सीपीयू जागच्या जागी. दांडी वर केली, सीपीयू दोन बोटांत उचलला, आरपार बघितलं, पिनांच्या रांगा सरळ.

नव्याच्या कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या खुणेवर आणून नुसता ठेवला, दाबायचा नाही, जागा बरोबर असली की स्वतःच्या वजनाने बसतो. ५६०० बरोबर आलेला स्टेल्थ कूलर छोटा आहे, जुना स्पायरच परत लावला.

पहिल्यांदा चालू केल्यावर काळ्या स्क्रीनवर इंग्रजी मजकूर, नवीन सीपीयू दिसतोय, एफटीपीएमचा जुना डेटा चालणार नाही, रीसेट करायचं तर वाय दाबा. ज्यांचं बिटलॉकर (विंडोजचं ड्राइव्हला लावायचं कुलूप) चालू आहे त्यांनी इथे थांबावं, रिकव्हरी की हाताशी नसेल तर ड्राइव्ह उघडत नाही. माझं बंद होतं हे आधीच तपासलेलं, वाय दाबलं.

१४ डिसेंबर, रविवार

विंडोज ११. जुनं इन्स्टॉलेशन एमबीआर पद्धतीचं, सिक्युअर बूटला जीपीटी लागतं (दोन्ही डिस्कची विभागणी नोंदवायच्या पद्धती, जीपीटी नवी). विंडोजमध्येच एमबीआरटूजीपीटी नावाचं टूल आहे, ते आधी तपासून बघायचं मग बदलायचं असं दोन पायऱ्यांत चालतं. बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घेऊन मगच केलं. नंतर बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करायची सोय) बंद, एफटीपीएम चालू, सिक्युअर बूट चालू. क्रम महत्त्वाचा, जीपीटी व्हायच्या आधी सीएसएम बंद केलं तर बूटच होत नाही आणि माणूस उगाच घाबरतो.

हेल्थ चेक अॅपने सगळ्या हिरव्या खुणा दिल्या, अपडेट लागला. विंडोजचं लायसन्स बोर्डला जोडलेलं असतं, बोर्ड तोच असल्यामुळे अॅक्टिव्हेशनला धक्का लागला नाही. नवीन मशीनच्या खर्चात हे कुणी धरत नाही.

२० डिसेंबर, शनिवार

परत मोजलं, कार्ड अजून जुनंच. रॅम आता ३००० वर बिनतक्रार. बाल्डर्स गेटचं ते शहर आता ५५ च्या आसपास आणि जीपीयू ९५ टक्क्यांच्या वर, म्हणजे अडचण सीपीयूकडून उठून कार्डाकडे गेली. फ्रेमटाइमचा ग्राफ आधी करवतीच्या दात्यांसारखा होता तो बराचसा सपाट. काउंटर स्ट्राइकमध्ये धूर पसरला की जे पाय धरल्यासारखं व्हायचं ते थांबलं. सायबरपंक जिथे होता तिथेच, अपेक्षाच होती.

खरं सांगायचं तर इथे थांबले असते तरी चाललं असतं. पण सायबरपंक आहे, आणि ड्रायव्हर संपलेत, आणि इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल किंवा डूम: द डार्क एजेस असले गेम हार्डवेअर रे ट्रेसिंगशिवाय (प्रकाशाचे किरण मोजणारी कार्डातली सोय) सुरूच होत नाहीत, १०६० मध्ये ते नाही, कितीही लो सेटिंग केलं तरी.

कार्ड निवडताना एक गोष्ट अशी आहे जी जुन्या बोर्डवाल्यांनी बघायलाच हवी आणि बरेच जण बघत नाहीत. माझा बोर्ड पीसीआयई ३.० आहे (पीसीआयई म्हणजे कार्डाला सीपीयूशी जोडणारी नळी), सीपीयूला ४.० येत असलं तरी बोर्ड ते देत नाही. कार्डला १६ लेन (त्या नळीतल्या समांतर वाटा) असतील तर ३.० वर साधारण १५.७५ जीबी प्रति सेकंद मिळतात, ८ असतील तर त्याच्या निम्मे. आरटीएक्स ४०६०, ५०६०, ५०६० टीआय, आरएक्स ७६००, ही सगळी ८ लेनवाली. नवीन बोर्डवर काही बिघडत नाही. जुन्या बोर्डवर पण गेम व्हीरॅममध्ये मावतोय तोवर फार बिघडत नाही, पण व्हीरॅम भरलं की उरलेलं टेक्स्चर या नळीतून सिस्टीम रॅममधून आणावं लागतं आणि मग ती अर्धी नळी बोचायला लागते. म्हणजे ८ जीबी आणि ८ लेन आणि ३.० हे तिन्ही एकत्र आलं की सगळ्यात वाईट. (६५०० एक्सटी तर ४ लेन आणि ४ जीबी, तिला लांबूनच नमस्कार.)

याच्यावरून आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबी वर आले. पूर्ण १६ लेन, १६ जीबी, १६० वॅट. त्याचंच ८ जीबीचं भावंड आहे, नाव तेच, खोक्यावरचा आकडा नीट वाचून घ्यायचा. ५६०० च्या मानाने कार्ड थोडं जास्तच आहे हे मला माहितीये, भाऊ पण म्हणाला "सीपीयू अडेल गं." अडू दे की, कार्ड पुढच्या मशीनमध्ये जाणारं आहे, तिथे त्याला मोकळं रान मिळेल.

२७ डिसेंबर, शनिवार

पीएसयू आणि कार्ड एकदमच लावलं. वॅटचा हिशोब केला तर जुना ५५० पण पुरला असता, सीपीयू जास्तीत जास्त ७६, कार्ड १६०, बाकी किरकोळ. पण तो आठ वर्षांचा, वॉरंटी कधीच संपलेली, आत कपॅसिटर कुठल्या अवस्थेत आहेत ते बाहेरून कळत नाही, आणि त्याच्यावर नवीन कार्ड टांगायचं मन होईना. ६५० वॅटचा गोल्ड, मॉड्युलर. याच्याबद्दल एकच कळकळीची सूचना, जुन्या मॉड्युलर पीएसयूच्या केबल नवीन पीएसयूला लावू नका, कनेक्टर बसला तरी पीएसयूच्या बाजूची पिनांची मांडणी कंपनी-कंपनीची वेगळी असते, १२ व्होल्ट जिथे जायला नको तिथे गेले तर डिस्क जळते.

कार्ड आत जाईना. माप आधी घेतलेलं, हार्ड डिस्कचा पिंजरा आडवा येणार हे माहीत होतं, पण त्याचे दोन रिव्हेट ड्रिलने काढावे लागतील हे माहीत नव्हतं. त्यात दुपार गेली. हार्ड डिस्क सध्या तळाशी.

एनव्हिडियाचे ड्रायव्हर डीडीयू नावाच्या टूलने सेफ मोडमध्ये साफ केले, एएमडीचे टाकले. नवीन बायोसमध्ये रीसायझेबल बारचा (सीपीयूला कार्डाची पूर्ण मेमरी एकदम वापरू देणारा) पर्याय आला होता, सीएसएम आधीच बंद असल्यामुळे लगेच चालू झाला. जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या टूलमध्ये बस एक्स१६ १.१ (१६ लेन, पण पीसीआयई १.१) दिसलं आणि क्षणभर छातीत धस्स झालं, पण ते वीज वाचवायला रिकाम्या वेळी उतरतं, बाजूचं प्रश्नचिन्ह दाबून छोटी टेस्ट चालवली की ३.० वर चढतं.

सायबरपंक हाय सेटिंगला, एफपीएस ७२ वर बांधून ठेवलेत (मॉनिटर ७५ चा, फ्रीसिंकच्या (मॉनिटरचा वेग गेमशी जुळवणारी सोय) आत राहावं म्हणून थोडं खाली), तिथून हलत नाही. बाल्डर्स गेटच्या शहरात ६५ ते ७०, आता परत सीपीयू अडवतोय, भावाचं म्हणणं खरं ठरलं. पण मागणी ६० ची होती.

३ जानेवारी २०२६

हार्ड डिस्कचं स्मार्ट (डिस्क स्वतःच ठेवते ती तब्येतीची नोंद) बघितलं, क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये पिवळं, रीअलोकेटेड सेक्टर (खराब झाल्याने बदललेल्या जागा) वाढतायत. त्यावरचं सगळं काढून घेतलं, तिला निवृत्त करतेय. एनव्हीएमई घ्यायची तर बोर्डवर एम.२ ची जागा आहे पण एसएसडीचे भाव पण रॅमच्या मागे चढतायत, तेव्हा ५०० जीबीत एका वेळी दोन मोठे गेम, बाकी काढून टाकायचे.

१०६० भावाने मागितली, त्याच्या मित्राच्या मशीनला कार्डच नाहीये म्हणे. जुना १६०० आणि न वापरलेला स्टेल्थ कूलर खोक्यात, पिनांवर मूळ प्लॅस्टिकचं कव्हर लावून. १६०० एखाद्या जुन्या एएम४ बोर्डवर घरच्या फाइल सर्व्हरला चालेल, पण ते परत वेगळं प्रकरण.

रॅम १६ जीबीच राहिली. सायबरपंक खेळताना ब्राउझर उघडा ठेवला की १४ च्या पुढे जाते. ब्राउझर बंद करते.